रान आणि वावर : आपल्या वाङ्मयातील एक विसंवाद

शालेय निबंधांचे विषय ठरविण्याचे काम ज्याच्याकडे वर्षानुवर्षे असते, त्याला वाङ्मयाविषयीच्या काही गोष्टी वहीतूनच कळू लागतात. आमच्या शाळेत दोन विषय जवळजवळ दरवर्षी येतात. जुलैत वनमहोत्सवाचा सप्ताह आला की 'वृक्ष : आपले मित्र', आणि पोळ्याच्या सुमारास 'शेतकरी : जगाचा पोशिंदा'. तोच विद्यार्थी हे दोन्ही निबंध सारख्याच ओघवत्या भाषेत लिहितो. एकात कुऱ्हाडीच्या प्रत्येक घावाचा निषेध असतो, दुसऱ्यात नांगराखाली आलेल्या प्रत्येक वितीचे कौतुक असते. आणि तो घाव बसल्यावाचून ही वीत नांगराखाली आलीच नसती, ह्याचा पत्ता दोहोंपैकी एकाही निबंधाला नसतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातून येणारा नववीतील एक मुलगा ह्यांपैकी पहिल्या विषयावर भलतेच काही लिहून बसला. त्याच्या आजोबांनी सागाचे व धावड्याचे खुंट उपटून चार एकर वावर केले. त्या कामाला दोन उन्हाळे लागले. त्या वावरातल्या ज्वारीवर घरची सात माणसे जगली. पुढे वडिलांनी तेथेच संत्र्याची बाग लावली. आता मात्र डोंगर बोडका झाल्यामुळे विहीर मार्चातच तळ दाखविते, असे आजी म्हणते. शेवटी त्याने विचारले होते की, झाडे जर आपले मित्र, तर माझे आजोबा कोण? मी त्या पानावर तांबड्या शाईने 'विषयांतर' असे लिहिले आणि गुण कापले. शिक्षकाच्या हातून घडणाऱ्या अपराधांत हा काही मोठा नव्हे. परंतु सेवेची अखेर जवळ आली असता तो शेरा पुनःपुन्हा आठवतो. त्या मुलाने विषयांतर केले नव्हते. विषयांतर झाले असेल तर ते आपल्या वाङ्मयाकडून झाले आहे, अशा निष्कर्षाला मी आलो आहे, आणि त्याचीच चिकित्सा येथे करावयाची आहे.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात दोन कपाटे शेजारी शेजारी आहेत. एकावर 'ग्रामीण साहित्य' अशी चिठ्ठी आहे, दुसऱ्यावर 'निसर्ग व वन्यजीवन'. पहिल्यातील पुस्तकांत शेत आहे, मोट आहे, सावकार आहे, दुष्काळ आहे. दुसऱ्यातील पुस्तकांत पक्षी आहेत, पाणवठे आहेत, वाघाचे माग आहेत. एका कपाटातील पुस्तकांना दुसऱ्या कपाटातील पुस्तकांची जवळजवळ ओळख नाही. वस्तुतः ज्या भूमीवर ही दोन्ही वाङ्मये उभी आहेत ती एकच आहे, आणि आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात तर दोहोंमधील अंतर एका कुंपणाइतके आहे.

ही फारकत भाषेने केलेली नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. देशावरचा शेतकरी 'रानात गेलो होतो' म्हणतो तेव्हा तो बहुधा शेतातच गेलेला असतो. नांगरलेले रान, पेरलेले रान, काळे रान हे त्याचे नित्याचे शब्दप्रयोग. आणि त्याच शब्दापासून रानडुक्कर, रानभाजी, रानवट हेही शब्द झाले. आमच्याकडील वऱ्हाडी वळणाच्या बोलीत शेताला वावर म्हणतात व रान हा शब्द जंगलासाठी राखलेला आहे. तथापि दोन वावरांच्या मध्ये जो धुरा असतो, त्यावरची बोर, बाभूळ, पळस आणि मोह ही झाडे म्हणजे नांगराला चुकलेल्या रानाची शिल्लकच होय. भाषेने जे एकत्र ठेवले होते ते लेखकांनी व विशेषतः आम्हा शिक्षकांनी वेगळे केले.

तुकोबांच्या एका सर्वतोमुखी अभंगाचे उदाहरण घ्या. त्यात वृक्षवेलींना सोयरे म्हटले आहे. आम्ही तो अभंग शिकविताना सोयरे म्हणजे मित्र, असा अर्थ फळ्यावर लिहून मोकळे होतो. सोयरा म्हणजे मित्र नव्हे! मैत्री एकतर्फी असू शकते. सोयरीक म्हणजे दोन घरांचा व्यवहार. तीत देणेघेणे असते, मानपान असतो, रुसवेफुगवे असतात, आणि घरे वेगळी राहूनही नाते तोडता येत नाही. झाडांना सोयरे म्हणणाऱ्या त्या देहूच्या कुणब्याला हा व्यवहार पुरता ठाऊक असला पाहिजे. आम्ही मात्र त्या सोयरिकीतील देणेघेणे गाळले आणि मुलांच्या हाती निरुपद्रवी मैत्री तेवढी ठेवली.

आता थोडे इतिहासाकडे वळतो, कारण ह्या प्रश्नाला तारखा आहेत. 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम ह्या देशात १९४३ मध्ये सुरू झाली. वनमहोत्सव सुरू झाला तो १९५० मध्ये; आणि तो सुरू करणारे कन्हैयालाल मुनशी हे त्या वेळी केंद्राचे अन्न व शेती खात्याचे मंत्री होते. ज्या हाताने अधिक धान्याची आज्ञा निघत होती त्याच हाताने रोपे लावली जात होती. ह्यात मला ढोंग दिसत नाही. पेच मात्र दिसतो, आणि तो खरा होता. पुढे १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एकतृतीयांश भूमीवर वन असावे असे ध्येय ठरविले. परंतु १९५०-५१ साली देशात पेरणीखालचे निव्वळ क्षेत्र सुमारे ११ कोटी ८७ लाख हेक्टर होते, ते १९७०-७१ पर्यंत सुमारे १४ कोटींवर गेले. त्यानंतर मात्र ते जवळजवळ तेथेच थांबलेले आहे. म्हणजे दोन कोटींहून अधिक हेक्टर नवी भूमी ह्या वीस वर्षांत नांगराखाली आली. काही पडीत, काही गायरान, काही रान. आमच्या विद्यार्थ्याच्या आजोबांचे चार एकर त्याच हिशेबात कोठेतरी आहेत. आमच्या प्रांतात तर त्याच सुमारास, १९५१ साली, मालगुजारी संपुष्टात आली. आणि मालगुजारांच्या ताब्यातील जंगले सरकारजमा होण्यापूर्वी त्यांवर किती कुऱ्हाडी चालल्या ह्याच्या आठवणी जुन्या माणसांच्या तोंडी अगदी अलीकडेपर्यंत ऐकू येत.

आता ह्याच वीस वर्षांतील मराठी कथावाङ्मय पाहावे. ग्रामीण कादंबरीच्या बहराचा हा काळ. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची, गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' त्याच वर्षाची, 'माचीवरला बुधा' १९५८ चा. आनंद यादवांचा 'गोतावळा' १९७१ चा. ह्या कृतींचे मोल मी कमी लेखीत नाही. 'बनगरवाडी'तील तरुण मास्तर ही तर आम्हा शाळामास्तरांची अक्षय ठेव आहे. ती कादंबरी दर दोन वर्षांनी मी वाचतो. परंतु एका गोष्टीचे आश्चर्य वाटते. लक्षावधी कुटुंबे जे करीत होती ते, म्हणजे रान मोडून वावर करण्याची क्रिया, तिचा घाम, तिचा आनंद, तिची अपराधी जाणीव, ह्यांपैकी एकाही कादंबरीचा विषय झाले नाही. 'बनगरवाडी'त शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी उठून जाते. तो दुष्काळ आभाळातून येतो, नियतीसारखा. चराऊ भूमीचे आणि पाण्याचे नाते काय, हा प्रश्न त्या कृतीच्या कक्षेत नाही, आणि माणदेशासारख्या उघड्या मुलखात तो नसणे समजण्यासारखे आहे. 'माचीवरला बुधा'त मुंबईहून परतलेला म्हातारा राजमाचीच्या परिसरात झाडापाखरांशी एकरूप होतो. हे एकरूप होणे अत्यंत हृद्य आहे. पण ते एकट्या, मागणे संपलेल्या माणसाचे आहे. बुधाच्या पदरी पाच पोरे असती आणि त्यांना दोन वेळा भाकरी घालावयाची असती, तर माचीवरल्या झाडांशी त्याचे नाते तेवढेच निर्मळ राहिले असते काय? कादंबरीकाराने म्हाताऱ्याला एकटे केले तेथेच हा प्रश्न टळला. 'गोतावळ्या'त नारबाचे गुराढोरांचे, झाडापाखरांचे जग ट्रॅक्टरच्या येण्याने विस्कटते. येथे आपण प्रश्नाच्या पुष्कळ जवळ येतो. तथापि आघात करणारा बाहेरून येतो, यंत्राच्या रूपाने येतो. माणसाने स्वतःच्या पोटासाठी, स्वतःच्या हाताने केलेला आघात तेथेही नाही.

दुसऱ्या कपाटाकडे वळताना लेखणी अधिक जपून चालवावी लागते, कारण त्या कपाटातील सर्वांत थोर लेखक २०२५ च्या जूनमध्ये आपल्यातून गेले. मारुती चितमपल्ली ह्यांनी मराठीला शेकडो शब्द दिले, पाखरांना नावे परत मिळवून दिली, आणि वनाधिकाऱ्याच्या नोकरीत राहून वनातील माणसांचे शिष्यत्व पत्करले. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार ह्यांच्यासारख्या जाणत्या माणसाकडून आपण काय शिकलो, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. असे असता त्यांच्या वाचकांनी, म्हणजे आपण, त्यांच्या लेखनातून काय उचलले? पक्षी उचलले. नवेगावबांध म्हटले की मराठी वाचकाला हिवाळी पाहुण्या पाखरांचे थवे आठवतात. पण तो बांध पाखरांसाठी बांधलेला नाही! अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी ह्यांनी तो बांधला असे मानले जाते, आणि तो धानासाठी बांधला. भंडारा-गोंदिया भागात कोहळ्यांनी जी असंख्य तळी निर्माण केली, त्यांचे शास्त्र साधे व खोल आहे. वर डोंगरावर रान, मध्ये खोलगटात पाणी, खाली बांध्यांत धान. वरचे रान राखले तर पावसाचा लोंढा मंदावतो, तळे गाळाने भरून येत नाही, आणि धानाला पाणी पुरते. रान तोडून चार बांध्या वाढविल्या तर काही वर्षांत तळ्याबरोबर जुन्या बांध्याही जातात. अन्नाचे उत्पादन आणि वनाचे रक्षण ह्यांचा समतोल कसा साधावा म्हणून आज जगभर परिषदा भरतात. त्याचे एक जिवंत उदाहरण मराठी निसर्गलेखनाच्या थेट डोळ्यांसमोर होते. आपण त्या तळ्याच्या काठी बसलो आणि दुर्बीण वर, आभाळाकडे धरली.

माडगूळकरांच्या 'सत्तांतर'विषयी थोडेच सांगतो. नागझिऱ्याच्या रानातील वानरांच्या टोळ्यांवरची ही १९८२ ची छोटी कादंबरी. तिला साहित्य अकादमीचे पारितोषिकही मिळाले. कलाकृती म्हणून ती निर्दोष आहे. परंतु रान तेथे माणसाच्या सत्तालोभाचा आरसा म्हणून येते. आरशाला स्वतःचा प्रश्न नसतो. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले. सभोवती धानाची शेती करणाऱ्या गावांचे आणि त्या रानाचे तेव्हापासून जे चालले आहे, त्याची कादंबरी अद्याप लिहिली जावयाची आहे.

मग हा प्रश्न मराठीत कोणी पाहिलाच नाही काय? पाहिला, पण ज्यांनी पाहिला त्यांना आपण ललित वाङ्मयाच्या पंक्तीत बसवीत नाही, आणि म्हणूनच कदाचित आपल्या ते लक्षात येत नाही. पहिले नाव जोतीराव फुले ह्यांचे. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहून झाला. आपण तो ग्रंथ सामाजिक विचारांचा म्हणून वाचतो आणि त्यातील भट-कारकुनांवरच्या कोरड्यांचे आवाज ऐकून थांबतो. परंतु जंगलखात्यासंबंधीची त्यातील पाने एखाद्याने मन लावून वाचावी. थोडी शेते असणारा शेतकरी पूर्वी डोंगरदऱ्यांतील उंबर-जांभळांच्या फळांवर कसा तगत असे, पळस आणि मोह ह्यांची फुले-पाने व लाकूडफाटा विकून मीठमिरचीचा पैसा कसा उभा करीत असे, गावच्या गायरानावर एखादी गाय व दोन शेळ्या कशा पोशीत असे. आणि सरकारी जंगलखात्याने डोंगर, दऱ्या, पडीत, गायराने एका रेषेत कोंडून घेतल्यावर त्याचे काय झाले, हे जोतीरावांनी अशा तपशिलाने सांगितले आहे की, त्यातून एका संपूर्ण अर्थव्यवस्थेचे चित्र उभे राहते. पळस आणि मोह ही नावे वाचली की आम्हा सातपुड्याकाठच्या माणसांना ते पुण्याकडचे वर्णन वाटतच नाही.

पण माझ्या मते ह्याहून मोलाचे आहे ते जोतीरावांचे मातीविषयीचे निरीक्षण. डोंगरावरच्या झाडाझुडपांचा पालापाचोळा, मेलेल्या कीटकांचे व जनावरांचे अवशेष ह्यांचे सत्त्व पावसाबरोबर उतरून खालच्या शेतांना खत होत असे. डोंगराचे रूप पालटले तेव्हा ते सत्त्व बंद झाले आणि उघड्या उतारांवरची माती ओढ्यानाल्यांतून वाहून जाऊ लागली, हे त्यांनी पाहिले. त्यावर त्यांनी उपाय सांगितला तो ताली व बंधारे घालण्याचा. रिकामे बसलेले लष्करी व पोलीस शिपाई त्या कामाला लावावे, ही त्यांची सूचना वाचून आजही हसू येते, आणि मागाहून ती हसण्यासारखी नाही हे कळते. आणखी एक जागा आहे. रानडुकरांनी पिकाची नासाडी केली तर शेतकऱ्याला त्याची भरपाई सरकारी तिजोरीतून किंवा पोलीस खात्याच्या पगारातून मिळावी, असा कायदा त्यांनी मागितला. आमच्या गावच्या पारावर आज जे बोलणे चालते तेच हे बोलणे.

जोतीरावांच्या प्रतिपादनातही उणे आहे, आणि ते सांगितले पाहिजे. कुऱ्हाड सरकारची आणि पोट शेतकऱ्याचे, अशी त्यांची वाटणी आहे. लोकसंख्या वाढल्यामुळे जमिनीला विसावा मिळेनासा झाला, हे त्यांच्या ध्यानात आले होते. तरी शेतकऱ्याच्या हातातही कुऱ्हाड आहे, ह्या बाजूकडे ते फारसे वळत नाहीत. आसुडाचे प्रयोजन निराळे होते, त्याला हे मागणे अन्याय्य ठरेल. पण त्यांनी डोंगर आणि शेत एका खातेवहीत मांडले. ती खातेवही पुढे कोणत्याही कादंबरीकाराने उघडली नाही, ह्याची खंत करावी तितकी थोडी.

दुसरे नाव इरावती कर्वे ह्यांचे. 'युगान्त' १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील मयसभेवरच्या लेखात खांडववन जाळण्याचा जो प्रसंग त्यांनी तपासला आहे, तो आपण रसिकतेने वाचतो आणि विसरतो. कृष्ण व अर्जुन ह्यांनी एक संपूर्ण वन, त्यातील नाग, पशू, पक्षी ह्यांसह जाळले. बाहेर पडू पाहणाऱ्यांना मारले. अग्नीची भूक हे कारण महाभारताने दिले आहे. इरावतीबाईंनी त्या भुकेच्या मागे पाहिले. नवे राज्य बसविणाऱ्यांना नवी भूमी हवी होती, पिकाखाली आणावयाची भूमी. आणि तिच्यासाठी जो संहार झाला त्याची क्रूरता कोणत्याही पराक्रमाच्या वर्णनाने झाकली जात नाही, हे त्यांनी मराठी वाचकाला न डगमगता सांगितले. त्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या म्हणून त्यांना हे दिसले असे म्हणता येईल. मला वाटते, वन जाळणारा हात आपलाच आहे हे मान्य करण्याचे नैतिक धैर्य त्यांच्यापाशी होते, म्हणून दिसले. इंद्रप्रस्थ हवे, परंतु खांडव आठवावयास नको, ह्या आपल्या सर्वांच्या वृत्तीवर तो लेख म्हणजे मोठे भाष्य आहे. माझा तो विद्यार्थी, 'माझे आजोबा कोण?' असे विचारणारा, हाच प्रश्न चार एकरांच्या मापाने विचारीत होता.

कवितेत एकच नाव मला ह्या संदर्भात घ्यावेसे वाटते. ना. धों. महानोर. 'रानातल्या कविता' १९६७ च्या. अजिंठ्याच्या डोंगरापाशी पळसखेड्यात शेती करणाऱ्या ह्या कवीचे रान पेरलेलेही आहे आणि न पेरलेलेही आहे. दोहोंच्या सीमा त्यांच्या शब्दकळेत पुसून जातात. समीक्षकांनी त्यांना निसर्गकवी म्हटले, म्हणजे पुन्हा दुसऱ्या कपाटात नेऊन ठेवले.

येथे कोणी आक्षेप घेईल की, अन्नधान्य व वनसंरक्षण हा शेतकी खात्याचा व वनखात्याचा विषय आहे. वाङ्मयाने त्याची काळजी का वाहावी? हा आक्षेप गंभीर आहे. गव्हाच्या बुटक्या वाणांसाठी १९७० चे नोबेल शांतता पारितोषिक मिळविणारे नॉर्मन बोरलॉग आयुष्यभर सांगत की, एकरी उतारा वाढला म्हणूनच कोट्यवधी एकर रान नांगरापासून वाचले. आपल्या देशापुरते पाहिले तर पेरणीचे क्षेत्र १९७० नंतर न वाढता धान्य कित्येक पटींनी वाढले, हे खरेच आहे. रानाचा शत्रू कमी पिकणारे वावर होय, हे त्यांचे म्हणणे सहज उडवून लावता येत नाही. परंतु उतारा वाढला आणि नफा वाढला की कुऱ्हाड आपोआप थांबते, असेही नाही. ब्राझीलमध्ये सोयाबीन इतके फायद्याचे झाले की, ॲमेझॉनचे रान नव्याने तोडून पिकविलेले सोयाबीन आम्ही घेणार नाही, असा करार २००६ मध्ये व्यापाऱ्यांना करावा लागला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबाप्रमाणे १९९० ते २०२० ह्या तीस वर्षांत जगात सुमारे ४२ कोटी हेक्टर वन मोडले गेले, आणि त्यामागचे मुख्य कारण शेती व गुरचराई हेच होते. तेव्हा नुसत्या उताऱ्याने प्रश्न सुटत नाही. कोठे थांबावयाचे हे कोणीतरी ठरवावे लागते. ठरविणारा माणूस कोणत्या मनाने ठरवितो, काय देऊन काय घेतो, हे खात्यांच्या अहवालात उमटत नाही. येथे वाङ्मयाचे क्षेत्र सुरू होते.

आमच्या भागातच पाहा. पांढुर्णा हा २०२३ पासून स्वतंत्र जिल्हा झाला. त्यात पांढुर्णा आणि सौंसर हे संत्र्यासाठी ख्यातनाम असलेले तालुके. संत्र्याची बाग हे मोठे लहरी दैवत आहे. आंबिया बहार घ्यावयाचा तर हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा, मग पाणी देऊन फुलवावे, आणि पुढे सारा उन्हाळा ते पाणी चुकू देऊ नये. हे पाणी विहिरीत कोठून येते? वरच्या उतारावर पाऊस मुरला तर येते. फळ लागले की फांद्या वाकतात. त्यांना बांबूचे टेकू लागतात. तो बांबू कोठून येतो? माल बाहेरगावी जाई तो लाकडी पेट्यांतून. मी लहान असताना त्या पेट्यांच्या ओल्या लाकडाच्या वासानेच संत्र्याचा हंगाम ओळखू येई. म्हणजे रानाने पाणी दिले, रानाने टेकू दिला, रानानेच पेटी दिली. आणि रान मागे हटले तेव्हा तेथील डुकरे वावरात आली. आज आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण हंगामात रात्री बापाबरोबर जागलीला जातात आणि सकाळी पहिल्या तासाला डुलक्या घेतात. मी त्यांना उठवीत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा व सावरगाव ह्या दोन तीरांमध्ये जी गोटमार होते, तिचा पुरस्कार कोणताही शिक्षक करणार नाही. तीत माणसे जायबंदी झाली आहेत, दगावली आहेत. पण बैलांच्या सणाला लागून, म्हणजे वावराच्या सणाला लागून, रानातले झाड आणून नदीच्या मध्यभागी उभे करावे आणि त्याच्यावर दोन्ही काठांनी हक्क सांगावा, ही घटना एखाद्या प्रतिभावंताच्या दृष्टीला अद्याप का पडली नाही, ह्याचे नवल वाटते. बातम्यांत दगड मोजले जातात. झाडाकडे कोणी पाहत नाही.

ह्या जिल्ह्याच्या उत्तरेस, छिंदवाड्याच्या तामिया भागात पाताळकोट आहे. तेथील भारिया आणि पूर्वेकडील बैगा हे रान जाळून राखेत पेरीत, दोन-तीन पिके काढून ती जागा पुन्हा रानाच्या स्वाधीन करीत. ह्या पद्धतीला बेवर म्हणतात. नांगर चालविणे म्हणजे धरणीमातेची छाती फाडणे, ही बैगांची धारणा व्हेरियर एल्विन ह्यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात नोंदली आहे. तेथे रान आणि वावर ह्या दोन जागा नाहीत, एकाच जागेच्या दोन अवस्था आहेत. लोकवस्ती वाढल्यावर ती पद्धत निभावत नाही, हे मान्य. तिचे गोडवे गाणाऱ्यांनी तशी शेती करून पाहावी. तरी तिच्यातील एक कल्पना, घेतलेली जमीन परत करावयाची असते ही, नांगरकऱ्यांच्या वाङ्मयाला सुचलेली नाही.

अलीकडच्या मराठी गद्यात एक पुस्तक मात्र दोन्ही कपाटांच्या मध्ये उभे राहते. मिलिंद बोकील ह्यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' हे २०१२ चे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. त्यामागे देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल ह्यांची व सर्व गावाची वर्षानुवर्षांची सभा आहे. रानातून काय, केव्हा, किती घ्यावे हे गाव एकमताने ठरविते. एकमत होईपर्यंत बसून राहते. बोकिलांनी हे सांगताना भाषेचा जराही डामडौल केला नाही. ललित म्हणून त्या पुस्तकाची चर्चा फारशी झालेली मी पाहिली नाही, आणि ती व्हावयास हवी होती, असे माझे मत आहे. कारण निर्णय घेताना माणसे कशी बोलतात, कशी गप्प राहतात, कोण उठून जातो आणि परत येतो, ही खरी कादंबरीची सामग्री त्यात आहे. मेंढ्याचे सर्वत्र अनुकरण होईल असे मी समजत नाही. आमच्याकडे बाग एकेकाची आहे, विहीर एकेकाची आहे. सामाईक उरला आहे तो निस्ताराचा हक्क, आणि तोही बव्हंशी पटवाऱ्याच्या कागदात.

ह्या वर्षी जुलैत मी दोन्ही जुने विषय रद्द केले आणि नववी-दहावीच्या मुलांना एकच विषय दिला : 'आमचे वावर पूर्वी काय होते?' घरी विचारून लिहावे, एवढीच सूचना. सहकाऱ्यांपैकी एकाने, असा विषय परीक्षेला येणार नाही, असे सांगितले. ते बरोबर आहे. ग्रंथपालांना मी 'शेतकऱ्याचा असूड' समाजसुधारकांच्या खणातून काढावयास सांगितले. कोणत्या कपाटात ठेवू, असे त्यांनी विचारले. त्यावर मला लगेच उत्तर देता आले नाही आणि ते पुस्तक सध्या माझ्या टेबलावर आहे.

वह्या आल्या आहेत, तपासून अजून व्हावयाच्या आहेत. त्यांपैकी एका मुलीच्या वहीत तिच्या काकांच्या आणि वडिलांच्या वावरांमधील धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाची हकीकत आहे. मोहफुले दोन्ही घरे अर्धी अर्धी वेचतात. झाडाच्या सावलीत वडिलांच्या संत्र्याच्या ओळीतील शेवटची तीन झाडे फळत नाहीत, म्हणून वडिलांना मोह तोडावयाचा आहे. काकांच्या विहिरीच्या काठाला त्याच मोहाच्या मुळांनी धरून ठेवले आहे, म्हणून काकांना तो तोडू द्यावयाचा नाही. झाड कोणाचे, हे तिने लिहिलेले नाही. कारण, ती म्हणते, खटला अजून तहसिलीत चालू आहे.